पलाऊ बेट आणि देवगावची चावडी

७ फेब्रुवारी १९४९. औरंगाबाद.

दवाखान्यात बोलवा आहे की कचेऱ्यांतली उर्दू जाणार, मराठी येणार. देवगावच्या शाळेत चार यत्ता मराठी झाली होती, ती आता गंजली. हात बसावा म्हणून आजपासून चार ओळी लिहायच्या. जमेल तेव्हा.

पहिली ओळ. शेख करीम, ड्रेसर, सरकारी दवाखाना. राहणार रोशन गेट. मूळ गाव देवगाव रंगारी. गावाच्या नावातले रंगारी ते आम्हीच.

वेलांट्या चुकतात. चुकू देत.

९ फेब्रु.

घरात खोल्या दोन, माणसं चार. अम्मा, थोरले हबीबभाई, भाभी आणि मी. पोलीस अ‍ॅक्शननंतर हे तिघं देवगावहून निघून माझ्याकडं आले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, अजून इथंच आहेत. हबीबभाईंना काम नाही. शहागंजातल्या एका कापडवाल्यानं गठ्ठे उचलायला बोलावलं होतं, गेले नाहीत. त्यांच्या कोपरापर्यंत जन्मभराची नीळ होती, ती आता फिकी पडत चालली. अम्मा ते हात बघते आणि तोंड फिरवते.

रोज एकदा विचारते, "कब जाना रे अपने गांव कू?" मी म्हणतो, रस्ता खुला होऊ दे.

रस्ता कधीचा खुला आहे.

१५ फेब्रु.

आज एक बाहेरचे साहेब आले. पायात काटा मोडून पिकलेला. राघवन नाव, मद्रासकडचे. लष्करी अंमल आल्यापासून जे मुलकी अंमलदार बाहेरून आणलेत त्यांतले. डॉक्टर नव्हते. मी काटा काढला, इंग्रजीत दोन शब्द बोललो. त्यांनी विचारलं, इंग्रजी कुठं शिकलास? म्हटलं, निजामाच्या फौजेत थोडी, बाकी अमेरिकनांकडून. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांनी धरलं, जहाजात घालून पलाऊ नावाच्या बेटावर नेलं, लढाई संपेपर्यंत तिथंच होतो.

पाय खाली ठेवून ऐकत बसले. पट्टी बांधून झाली तरी उठेनात.

शेवटी म्हणाले, मला दौऱ्यावर दुभाषी पाहिजे. लोक काय बोलतात ते कळत नाही, आणि तहसीलवाले त्यांना हवं तेवढंच सांगतात. डॉक्टरांना विचारून घेतो.

घरी सांगितलं. अम्मा म्हणाली, जीप देवगावला जाती का?

२१ फेब्रु.

देवगावचा एक जण मुलाचा हात मोडला म्हणून आला होता. त्याच्याकडून गावची खबर. आमच्या रंगाच्या आवारात तुळशीरामची ढोरं बांधलीत. नीळ भिजवायच्या हौदात कडबा भरलाय.

तुळशीराम म्हणजे मयत पाटलांचा धाकटा भाऊ. आज गावाला पाटील नाही, तोच कारभार बघतो. त्याचा मुलगा भगवान अ‍ॅक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात मारला गेला. निजामाच्या बाजूच्या बंदूकवाल्यांची टोळी आली होती, वसुलीला म्हणून. पोरगं आडवं गेलं. टोळी गावात शिरली तेव्हा आधी आमच्या आवारात थांबली, वेशीजवळचं पहिलं आवार ते. तिथं पाणी पिऊन मग पुढं गेली. तुळशीराम त्या पाण्याला धरून बसलाय.

आणि पाटलांची विधवा सोनाबाई, तुळशीरामची वहिनी, तिनं अ‍ॅक्शनच्या आठवड्यात अम्माला आणि भाभीला बदल्याला निघालेल्या जमावापासून धान्याच्या खोलीत दडवलं. भाकरी स्वतः नेऊन द्यायची. एकाच घरातली ही दोन माणसं.

कोणावर राग धरावा तेच कळत नाही. भगवानला मी कडेवर घेतलाय.

३ मार्च. वैजापूर.

राघवन साहेबांबरोबर (पुढं रा. सा. लिहीन) पहिला दौरा. तालुक्यातल्या एका गावी गेलो. गावकमिटी नेमायची होती. तहसीलमधून नाव आलं होतं, ते साहेबांनी वाचलं, सगळ्यांनी माना हलवल्या. चहा झाला. जीप निघाली तेव्हा एक म्हातारा मला हळूच म्हणाला, ह्यो माणूस चांगला हाय, पर ह्याच्या दारात कुणी जायाचं नाय.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या बेटावर कसं होतं?

म्हटलं, असंच. जपान्यांनी गावोगाव आपला मुखिया नेमला होता. रोज सकाळी त्यांच्या बादशहाच्या दिशेला वाकायचं, मुखियानं सगळ्यांत पुढं. पण भांडण झालं की लोक दुसऱ्याच दारात जायचे. खरा मुखिया तिथं घराण्यातल्या वडीलधाऱ्या बायका ठरवतात, आणि नीट वागला नाही तर त्याच बायका उतरवतात. जपान्यांना तीस वर्षांत त्याचा पत्ता नव्हता, किंवा असून नसल्यासारखं. मग अमेरिकन आरमार आलं. तंबू, जीपा, पिठाची पोती. जपान्यांना जहाजांत भरून घरी धाडलं आणि लोकांना म्हणाले, मत टाका. आमचं जहाज यायच्या आधी एका गावात मी ते पाहिलं. लोकांनी मत दिलं ते बायकांनी आधीच बसवलेल्या माणसाला. अमेरिकन कप्तान खूश. त्याला वाटलं, हे आपण केलं.

साहेब हसले.

१८ मार्च.

साहेबांनी आज वर्तमानपत्रातलं दाखवलं. पलाऊ आणि आसपासची बेटं दोन वर्षांमागंच अमेरिकेकडं विश्वस्त म्हणून दिलीत. सगळ्या देशांच्या पंचायतीनं. बेटाचे लोक कारभाराला तयार होईपर्यंत.

मला लगेच आमच्याकडचं आठवलं. जागीरदार मेला आणि वारस नाबालिग असला की जागीर सरकारच्या देखरेखीखाली जायची. पोरगं मोठं व्हायचं, मिशा फुटायच्या, तरी ते नाबालिगच.

साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, याहून वाईट आहे. आधीच्या लढाईनंतर हीच बेटं जपानलाही अशीच सोपवली होती. भल्यासाठी म्हणून.

म्हणजे अमानतीत खयानत झाली, ठेव राखणाऱ्यानंच खाल्ली. आता अमानत दुसऱ्याकडं.

विचारलं, बालिग झाले हे कोण ठरवणार? साहेब म्हणाले, मीही इथं पालकच आहे, करीम. फरक इतकाच की मला घरी जायची घाई आहे.

पलाऊत तारो नावाचा कंद खाऊ घालणारी एक बाई होती. आमच्या तळाच्या कुंपणाला येऊन ठेवून जायची. पकडली असती तर मार खाल्ला असता. ती नाबालिग म्हणे.

४ एप्रिल.

पुढल्या आठवड्यात देवगाव.

साहेबांना सगळं सांगून टाकलं. गाव माझं, आवार माझ्या भावाचं, तक्रार आमच्यावर. दुसरा दुभाषी घ्या म्हटलं. ते म्हणाले, दुसरा कोणाचा भाऊ असेल ते मला कळणारही नाही. तू सांगितलंस. तूच चल.

त्यांना जे सांगितलं नाही ते इथं लिहितो. अमेरिकन आल्यावर पलाऊचा एक माणूस त्यांच्या साहेबापुढं आला. जपान्यांनी त्याची जमीन विमानतळासाठी घेतली होती. त्याला जपानी येई, साहेबाला इंग्रजी. आमच्यातला एक कैदी दोन्ही जाणणारा, तो दुभाषी. माणूस म्हणाला, ही जमीन माझी, परत द्या. दुभाष्याला वाटलं, नव्या राज्याशी पहिल्याच दिवशी वाद नको, गरिबाचं भलं होईल. म्हणाला, हा जमीन खुशीनं देतोय. साहेबानं उठून हात मिळवला. तो माणूसही हसला. त्याला वाटलं, जमीन मिळाली.

मी बाजूलाच मलमपट्टी करत होतो, दोघांचं बोलणं मला कळत होतं. त्याचं ते हसणं...

देवगावात शब्दाला शब्द. माझ्यावर आलं तरी.

१० एप्रिल.

घरी आलो, उशीर झालाय, तरी आजच लिहायचं.

चावडीपुढं सगळा गाव. पुरुष ओट्यावर, बायका मारुतीच्या देवळाच्या भिंतीकडं. मला बघून काहींनी मान हलवली, काहींनी नाही. साहेबांनी सांगितलं, गावाचा कारभार बघायला पाच जणांची कमिटी करायची आहे, नावं तुम्हीच सांगा. मी ते मराठीत सांगितलं. कोणी बोलेना. मग साहेबांनी विचारलं, गावात काही तक्रार?

तुळशीराम उठला. खंगलाय. धोतराचा सोगा हातात घट्ट धरलेला. साहेबांकडं नाही, माझ्याकडं बघत बोलला. "ज्यांनी माझा भगवान मारला त्यास्नी पानी कुनी पाजलं? ह्याच्या भावानं. सांग तुज्या सायबाला."

मी सांगितलं. जसंच्या तसं. "ह्याच्या भावानं" म्हणताना स्वतःच्या छातीवर हात ठेवला, म्हणजे साहेबांना शंका नको.

साहेबांनी विचारलं, हे खरं आहे?

हबीबभाई तिथं नव्हते. उत्तर मलाच देणं भाग होतं. आधी मराठीत गावाला, मग इंग्रजीत साहेबांना. पाजलं. दारात बंदुका होत्या, पाणी मागितलं, भावानं पाजलं. ती माणसं पुढं काय करणार ते त्याला माहीत नव्हतं. भगवान गेल्याचं कळलं तेव्हा त्यानं हौद उपसून टाकले, महिनाभर रंग काढला नाही.

तुळशीराम म्हणाला, त्येनं माझं पोरगं येतंय व्हय?

याचंही मी इंग्रजी केलं.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. सोनाबाई. पदर डोक्यावर, पुढं आली नाही, तिथूनच. "पानी म्याबी पाजलं, भावजी. भाकरीबी वाढली. तेच हात हुते, तीच बंदूक हुती. मंग माज्याबी वसरीत ढोरं आनून बांदा."

मग मागून आणखी एक बाई म्हणाली, आमीबी दिलं. आणि तिच्या शेजारची. पुरुषांतला एक म्हातारा म्हणाला, व्हय, माज्या दारातबी आलेते.

साहेब विचारत होते, काय म्हणाली, काय म्हणाली. मला सांगायचं होतं. पाण्यापासून ढोरांपर्यंत सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

तुळशीराम खाली बसला. त्यानं तोंडावर उपरणं घेतलं.

मग नावं निघाली. पहिलं नाव बायकांनी घेतलं, सोनाबाईचं. पुरुष हसले, मग हसणं थांबलं, मग कोणीतरी म्हणालं, घ्या की. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना पलाऊ आठवत होतं, मलाही. पाचांत दुसरं नाव त्यांनी स्वतःहून विचारलं, तुळशीराम चालेल का? गाव म्हणालं, चालंल.

जीपमध्ये मी विचारलं, तो कशाला? साहेब म्हणाले, बाहेर ठेवला तर दुसरी चावडी उभी करेल. आत असला तर त्याला ऐकावं लागेल. आणि त्याचं दुःख खरं आहे.

खरं आहे.

११ एप्रिल.

रात्री भाईजानना, म्हणजे हबीबभाईंना, काहीच सांगितलं नव्हतं. आज सकाळी सांगितलं. सोनाबाईचं ऐकून उठून मोरीत गेले, बराच वेळ तोंड धूत राहिले. भाभी म्हणाली, किती दिवसांनी त्यांना असं रडू आलं, बरं झालं.

मला झोप अशी लागली की अम्मानं हलवून उठवलं. पलाऊहून आल्यापासून असा झोपलो नव्हतो.

६ मे.

काही खबर नाही. ढोरं तिथंच. साहेबांना हुकूम काढता येईल. भाईजान नको म्हणतात. हुकमानं ढोरं निघतील, गाव मिळणार नाही.

अम्मा चिडते. तिला हुकूम पाहिजे.

२९ मे.

सोनाबाईनं निरोप धाडला. बाजाराच्या आदल्या सकाळी तुळशीरामनं ढोरं सोडली, आपल्या मळ्यात नेली. कडबाही काढून नेला. हौद झाडला की नाही ते सांगितलं नाही. मला वाटतं झाडला असावा, नाहीतर ती म्हणाली असती.

आज दूध नासलं तरी अम्मा कोणाला बोलली नाही.

१७ जून.

भाईजान एकटेच देवगावला गेले. पावसाळ्यात रंग वाळत नाही, पण हौद लिंपायचे, चुली घालायच्या. भाभी आणि अम्मा पाऊस उघडल्यावर.

बसपर्यंत सोडायला गेलो. खिडकीतून हात बाहेर काढला त्यांनी. फिका हात. म्हणाले, करीम, ये आते-जाते.

२४ ऑगस्ट.

जागिरी गेल्या. दवाखान्यात दिवसभर तेच. एका मोठ्या घरचे चिरंजीव ताप दाखवायला आले होते, बाकावर सगळ्यांबरोबर बसले. कोणी उठून जागा दिली नाही. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

रा. सा. म्हणतात, पुढं बाहेरचे अंमलदार कमी होत जातील. इथलेच लोक येतील. भाषा लोकांची येईल. मी म्हटलं, मी जमेल तेव्हा चार ओळी लिहितो. त्यांनी वाचून दाखव म्हटलं. एक कोरडी ओळ वाचली, पावसाची. बाकीचं त्यांना कशाला.

२० ऑक्टोबर. देवगाव.

अम्माला आणि भाभीला पोचवायला आलो. वेशीत सोनाबाई उभी होती. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून तशाच उभ्या. मग सोनाबाई म्हणाली, वाळलीस गं. अम्मा म्हणाली, शहराचं पाणी.

आवारात नीळ मुरतीये. तो वास. पलाऊत अन्नाचे हाल होते तेव्हा मला भाकरीची स्वप्नं पडायला पाहिजेत, पण पडायची ती या वासाची. कोणाला सांगितलं नाही कधी.

कमिटीचं पहिलं काम विहिरीचं झालं म्हणे. वेशीची विहीर उपसली. तुळशीराम बैठकीला येतो. सोनाबाई बोलते तेव्हा जमिनीकडं बघतो, पण ऐकतो. भाईजान समोर आले तर रस्ता बदलतो.

१२ डिसेंबर. औरंगाबाद.

रा. सां.ची बदली झाली, मद्रासला घरी. लष्करी अंमल उठतोय, आता हैदराबादेत मुलकी मंत्रिमंडळ बसणार. सामान भरताना बोलावलं. माझ्यासाठी शिफारस लिहून ठेवलीये, कंपाउंडरच्या परीक्षेला बसायला. मराठीत दिली तरी चालेल म्हणे.

खोलीत नकाशा होता. त्यात पलाऊ शोधलं आम्ही. सापडेना. मग त्यांना एक ठिपका सापडला, म्हणाले, हाच असेल. मी विचारलं, यांचं काय? म्हणाले, यांचा पालक अजून तिथंच आहे.

निघताना मी सलाम केला, त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला. या हात मिळवण्यात गैरसमज काही नव्हता.

२ जानेवारी १९५०. देवगाव.

अम्माला ताप आल्याचं कळलं, रजा घेऊन आलो. आता उतरलाय. दारात ऊन खात बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकते. शहरात कोणाला हटकायची सोयच नव्हती तिला.

भाईजानच्या कोपरापर्यंत पुन्हा नीळ चढली आहे. जेवताना एक गोष्ट सांगितली, सहज सांगावी तशी. परवा तुळशीराम आवाराच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. त्याच्या लेकीचं लग्न माघात आहे, गावात सगळ्यांना ठाऊक. बराच वेळ वाळत घातलेल्या कापडाकडं बघत होता. मग विचारलं, कुसुंबी काढतोस का सध्या? कुसुंबी म्हणजे करडईच्या फुलांचा लाल, लग्नाच्या लुगड्याचा.

भाईजान म्हणाले, काढतो. बाजाराच्या दिवशी.

बरं, म्हणाला आणि गेला. बरोबर कापड नव्हतं.

मी विचारलं, तुम्ही आणखी काही बोललात? नाही म्हणाले. काय बोलणार.

उद्या बाजार. आज दुपारपासून भाईजान आणि भाभी कुसुंबीची फुलं कुटतायत. गिऱ्हाइकांच्या कापडाला लागेल त्याहून पुष्कळ जास्त. भाभीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, मग आणखी एक टोपली ओतली.